गोळी बंद करायची नाही. हात ठेवायचा तर ठेवा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच वळणाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. गुडघे, पाठ आणि सूनबाई यांबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ४१ वर्षांचे. तासगावात आमचं किराणा दुकान आहे. फेब्रुवारीत रात्री दुकान बंद करून येताना गाडीला कुत्रं आडवं गेलं. हेल्मेट नव्हतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय. आता चालतात, बोलतात, पण माणूस बदलला. कधी आवाज न चढवणारे हे आता ताट भिरकावतात. सकाळी कॉटवर बसले की बसलेच. आमटीला चव नाही म्हणतात, मी तर रोज तीच करते. फिटच्या गोळ्या चालू आहेत. ठाण्याच्या नणंदबाईंनी एका ऊर्जा-उपचारवाल्यांना विचारलं. २१ बैठका, दर बैठकीचे १,५०० रुपये. त्यांनी फोटो बघून सांगितलं, सहस्रार चक्र बंद आहे, गोळ्यांनी ऊर्जा अडते, त्या हळूहळू सोडा. सुरुवातीला डोकं जास्त दुखेल, ते शुद्धीकरण समजा. सासूबाई म्हणतात, करून बघू, नुकसान काय? तुम्ही काय सांगाल?
— सौ. स. पा., तासगाव

उत्तर : ‘नुकसान काय’ हा प्रश्न मीही एकदा विचारला होता. त्याचं उत्तर मला आमच्या बदलापूरच्या मामांनी दिलं, म्हणून तिथूनच सुरू करते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर आठवतं. आमची ओटी वेगळी. आजारानंतर माणसाला पुन्हा शर्टाची बटणं लावता यावीत, भाकरी थापता यावी, गल्ल्यावर बसता यावं, हे आमचं काम. पण मी रेकीची, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देण्याच्या उपचाराची, दुसरी डिग्रीही केलेली आहे, १९९७ साली, डोंबिवलीत. तेव्हा आमच्या इमारतीत दर मजल्यावर एक रेकीवाली होती. शक्तिपात झाला, चिन्हं शिकवली, २१ दिवस स्वतःला रेकी द्यायला लावली. तुमच्या २१ बैठकांचा आकडा बहुधा तिथूनच आलाय. प्रमाणपत्र अजून कपाटात आहे, लॅमिनेट केलेलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आकाशकंदील उतरवताना मामा स्टुलावरून घसरले. वय ७२. कपाळाला सुपारीएवढं टेंगूळ, दोन दिवसांत उतरलं. तीन आठवड्यांनी त्यांचं डोकं दुखायला लागलं. दुपारी झोपले की उठवावं लागायचं. मी रोज संध्याकाळी जाऊन रेकी द्यायची. डावी चप्पल पायातून सुटायची आणि त्यांना कळायचं नाही. शर्टाची बटणं एक घर खाली लागलेली. वॉर्डात एखाद्या पेशंटचं असं दिसलं असतं तर मी डॉक्टरांच्या मागे धावले असते. घरी मात्र मी मामांच्या कपाळावर हात ठेवून बसले. दुखणं वाढतंय म्हणून शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘हीलिंग क्रायसिस आहे, विष बाहेर पडतंय, थांबवू नकोस.’ आणखी चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मामा बशीत चहा ओतत होते. बशी भरली, चहा टेबलावर आला, तरी ओततच राहिले.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूवर रक्ताचा थर निघाला. उतारवयात मेंदू जरासा आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणलेल्या असतात. छोट्याशा हिसक्यानंही एखादी फाटते आणि रक्त आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. कवटीला दोन भोकं पाडली. आतून जे आलं ते सर्जननं मला बाटलीत दाखवलं : स्कूटरच्या जुन्या ऑइलसारखं काळपट, पातळ. दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, ‘माझी चप्पल कुठाय?’ त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. मी कधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला की म्हणायचे, ‘आधी सीटी काढ, मग हात लाव.’

तेव्हा सासूबाईंना सांगा, हात ठेवल्यानं नुकसान झालं नाही. ‘त्रास वाढतोय म्हणजे गुण येतोय’ यावर मी विश्वास ठेवला, नुकसान त्यानं झालं. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली, झापड येऊ लागली, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, फिट आली, किंवा हाड काढलेल्या जागी नेहमी मऊ लागणारा भाग फुगून ताठ झाला, तर बैठक कितवी हे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

दुसरं, गोळ्या. फिटची गोळी कुणाच्या सांगण्यावरून, हळूहळू का होईना, आपल्या मनानं सोडायची नाही. अचानक बंद केली तर पूर्वी कधी आली नव्हती अशी जोराची फिट येऊ शकते. मात्र चिठ्ठीवर गोळीचं नाव काय आहे ते बघा. लेव्हेटिरासिटॅम असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘यांची चिडचिड या गोळीनं वाढली असेल का?’ काहींच्या बाबतीत ती वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण ओपीडीत तीन मिनिटं मिळतात, त्यात ताट भिरकावल्याचं कुणी सांगत नाही. घरची अब्रू म्हणून बायका गिळून टाकतात. गिळू नका. डोस बदलायचा की गोळी, ते डॉक्टर ठरवतील. म्हणजे गोळीबद्दलची शंका अगदीच खोटी नव्हती म्हणायची. ती विचारायची जागा मात्र चुकली.

तिसरं, जिथलं हाड काढलंय त्या बाजूला कुणाचाही हात नको. रेकी, चंपी, ‘क्रॅनिओसेक्रल’ नावाखाली कवटी हलकेच दाबणं, काहीही नको. तिथे मेंदू आणि बाहेरचं जग यांच्यात फक्त कातडी आणि पडदा आहे. पोटात ठेवलेलं हाड परत कधी बसवणार, त्याची तारीख विचारून घ्या. तोवर कपालभाती आणि डोकं खाली-पाय वर करायची आसनंही नकोत.

आता आमटी. तुमच्या हाताची चव गेलेली नाही. वासाच्या नसांचे तंतू नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात. डोकं आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि ते तंतू तुटू शकतात. जिभेला खारट, आंबट, तिखट कळतं. फोडणीचा हिंग, कढीपत्ता, वरची कोथिंबीर हे सगळं नाकाचं काम. त्यांच्या तोंडात जाते ती गरम, खारट, पिवळी पातळ वस्तू. तुम्ही रोज विचारता ‘कशी झालीय?’ आणि त्यांचं डोकं फिरतं. थोडे दिवस विचारूच नका. जास्तीचं लिंबू, कुरकुरीत पापड, दाण्याचं कूट असं जिभेला आणि दाताला कळेल ते ताटात वाढा. आणि एक महत्त्वाचं : त्यांना गॅसचा वासही येत नसणार. रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम त्यांच्याकडे असेल तर आजपासून ते तुम्ही घ्या. नासलेलं दूधही त्यांना ओळखू येणार नाही.

राहिलं कॉटवर बसून राहणं. शेजारी आळस म्हणत असतील. मेंदूचा कपाळामागचा भाग कामाला सुरुवात करून देतो आणि रागाला लगाम घालतो. कवटीचा तळ तिथे खडबडीत असल्यानं आपटताना तोच भाग जास्त खरचटतो. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटला फिनिआस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंग ठासायची लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, पण ओळखीचे म्हणायचे की हा पहिला गेज नव्हे. त्याच्या रागाची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. पुढे तो चिलीत जाऊन बरीच वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता, हे मात्र फार थोडे सांगतात. रोज तोच रस्ता, तेच घोडे, ठरलेली वेळ. आम्हा ओटीवाल्यांना गोष्टीचा हा दुसरा भाग जास्त प्रिय आहे.

तुमच्याकडे तर घरचं दुकान आहे, याहून चांगलं उपचार केंद्र मी देऊ शकणार नाही. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी चाळीस मिनिटं. रेडिओ बंद, मोबाइल बंद, मुलांना आत पाठवा. समोर शेंगदाण्याचं पोतं, तराजू, पाव किलोच्या पिशव्या. ‘जरा हातभार लावा’ असं मोघम बोलू नका. ‘ही पहिली पिशवी भरा’ म्हणा. पहिली पिशवी तुम्ही हातात द्यायची, दुसरी ते घेतील. पहिल्या आठवड्यात दहा पिशव्या झाल्या तरी चालतील. शेजारी पुठ्ठ्यावर जाड अक्षरात : भरा, तोला, गाठ मारा, रेघ ओढा. हिशेबाची वही, उधारी, गिऱ्हाइकाशी बोलणं इतक्यात नको. माझ्या एका पेशंटला घरचे जोडीनं बसून पत्ते खेळायला लावायचे आणि तो चिडायचा. त्याला आयुष्यात पत्ते आवडलेच नव्हते! तो शिंपी होता. काजं करायला दिली आणि दीड महिन्यात तो एका बैठकीत अर्धा तास टिकू लागला. हे ओटीचं शास्त्र भारतात आणलं जन्मानं अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांनी. १९५० साली त्यांनी मुंबईच्या केईएममध्ये याचं शिक्षण सुरू केलं. तासगावहून मुंबई जमणार असेल तर हाजीअलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था याच कामाची आहे, तीही सरकारी. नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओ आणि ओटी कोण आहे ते आधी विचारा.

मग त्या ऊर्जेचं काय? मिकाओ उसुईंनी १९२२ साली जपानात क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर उपवास केला, त्यातून रेकी आली, असं आम्हाला शिकवलं होतं. ती माणसं खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण हातातून निघणारी ती ऊर्जा कुणाला मोजता आलेली नाही. अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रयोगासाठी रेकीसारख्याच ‘थेरप्युटिक टच’ या पद्धतीच्या २१ उपचारकांना पडद्याआड हात ठेवायला लावले. आपल्या कुठल्या हातावर तिचा हात आहे, एवढंच त्यांनी त्याच्या ‘ऊर्जेवरून’ ओळखायचं होतं. २८० वेळांपैकी ४४ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास टक्के आलं असतं! १९९८ साली हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. मी तो मामांच्या ऑपरेशननंतर वाचला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

तरीही मी खांद्यावर हात ठेवायचं सोडलेलं नाही. घाबरलेल्या माणसाजवळ कुणी वीस मिनिटं न बोलता, न उपदेश करता बसलं, की श्वास संथ होतो, खांदे खाली येतात. हे मी हजारदा पाहिलंय. त्याला चक्र लागत नाही आणि ३१,५०० रुपयेही लागत नाहीत. नणंदबाईंना खरोखर मदत करायची असेल तर त्यांना आठ दिवस तासगावला बोलवा. संध्याकाळी भावाजवळ बसू देत. तेवढ्या वेळात तुम्ही गच्चीवर जाऊन एकट्या बसा. पत्रभर तुम्ही स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय.

आणि त्या उपचारवाल्यांनी मेंदूचा आजार, फिट किंवा लकवा बरा करतो असं पत्रकावर छापलं असेल तर ते पत्रक जपून ठेवा. १९५४ च्या औषध आणि जादूटोणा उपाय कायद्यानं या आजारांवर अशी जाहिरात करायला बंदी आहे. एवढं नुसतं सांगितलं तरी फोन येणं बंद होतं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : चिपळूणला बाजारपेठेत माझं कापडाचं दुकान. २२ जुलै २०२१ च्या पुरात आम्ही पाच जण रात्रभर माळ्यावर होतो. दुकान पुन्हा उभं राहिलं. पण पत्र्यावर पाऊस वाजला की मी अजून उठून बसतो, बॅटरी घेऊन खाली जाऊन पायऱ्या मोजतो. मुलीनं ऑनलाइन ‘ट्रॉमा हीलिंग’ शिबिराचे पैसे भरले. तिथे डोळे मिटून ती रात्र पुन्हा जगायला सांगितली, अडकलेली ऊर्जा मोकळी होते म्हणाले. मला दरदरून घाम फुटला, आठ दिवस झोप नाही. आता मुलगी म्हणते दुसरं शिबिर करू. वय ५६.
— वि. शं., चिपळूण

उत्तर : दादा, दुसरं शिबिर नको. तुमच्यात काही अडकलेलं नाही. पत्र्यावरच्या आवाजामागून पाणी येतं, हे शरीरानं एकदा शिकून घेतलंय. ते अजून पहारा देतंय, इतकंच. पायऱ्या मोजणं वेडेपणा नाही. त्या रात्री त्याच मोजणीनं तुमचा जीव वाचला असणार.

ती रात्र पुन्हा आठवणं हा खऱ्या उपचारातही भाग असतो, म्हणून गोंधळ होतो. पण तिथे तुम्ही आणि थेरपिस्ट असे दोघंच असता, कधी थांबायचं हे आधी ठरतं, आणि आधी काही बैठका फक्त शांत होण्याचा सराव चालतो. चाळीस जणांच्या झूमवर ती रात्र उघडायची आणि साडेनऊला ‘धन्यवाद, नमस्कार’ म्हणून बंद करायची, हा टाके न घालता ऑपरेशन संपवण्याचा प्रकार झाला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली अशा त्रासासाठी दोन गोष्टी सुचवल्या : आघातावर बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलत नेणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर. ईएमडीआरमध्ये प्रसंग मनात धरून थेरपिस्टच्या बोटामागे डोळे फिरवतात. फ्रान्सीन शापिरो या अमेरिकन बाईंनी ती पद्धत १९८७ च्या सुमारास बसवली. दिसायला ती मंत्रतंत्रासारखीच दिसते, मलाही आधी हसू आलं होतं. पण तिच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत. चक्रांवरच्या उपचारांच्या तशा झालेल्या नाहीत. विचारताना ‘तुम्ही ईएमडीआर शिकलात कुठे?’ हे जरूर विचारा. चांगल्या माणसाला राग येत नाही. सुरुवात म्हणून १४४१६ लावा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.

तोवर पावसाच्या रात्री एवढं करा. बॅटरी घेऊन खाली जायचंच, पण एकदाच. भिंतीवर पुराची रेघ अजून असेल तर तिच्यावर तळहात ठेवा. भिंत कोरडी लागते का ते बघा. मोठ्यानं आजची तारीख म्हणा, समोरच्या तीन ताग्यांचे रंग म्हणा, वर या, गार पाण्यानं तोंड धुवा. झोप लागलीच पाहिजे असा हट्ट नको. मुलीवर रागावू नका. तिनं पैसे भरले ते बापाच्या काळजीपोटी. ती स्वतः त्या माळ्यावर होती का, हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर फोन दोघांनी मिळून करा.

प्रश्न : आईच्या डोक्यात पाणी झालं म्हणून शंट (ते पाणी काढून टाकणारी नळी) बसवलाय. एक जण १८,००० ला चुंबकाची टोपी देऊन गेला. परदेशात मेंदूवर चुंबकाचेच उपचार करतात म्हणाला. वापरू का?
— म. दे., कोल्हापूर

उत्तर : आत्ता उठा आणि ती टोपी आईच्या खोलीतून बाहेर न्या. काही शंटच्या व्हॉल्व्हची पाणी सोडण्याची मर्यादा बाहेरून चुंबकानंच बदलतात. अशा व्हॉल्व्हजवळ दुसरं जोरदार चुंबक आलं तर ती मर्यादा भलतीकडे सरकू शकते. मग पाणी कमी निघेल किंवा जास्त, आणि आई नुसती पेंगताना दिसेल.

परदेशातला उपचार खरा आहे, आता तो भारतातही मिळतो. त्याचं नाव टीएमएस. १९८५ साली इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांनी ते तंत्र पहिल्यांदा करून दाखवलं. त्यात क्षणोक्षणी बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रानं मेंदूत बारीक वीजप्रवाह तयार होतो. टोपीत शिवलेलं चुंबक नुसतं पडून असतं. त्यानं फ्रिजच्या दारावर बिल अडकवता येईल. आणि शंट असलेल्या पेशंटला टीएमएससुद्धा सर्जनला विचारल्याशिवाय देत नाहीत.

व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे ते ऑपरेशनच्या कागदांवरून लिहून घ्या आणि ती चिठ्ठी आईच्या पर्समध्ये ठेवा. एमआरआयच्या वेळीही तीच लागेल. टोपी दोन-चार दिवस घातली गेली असेल तर सर्जनना तसं सांगा, सेटिंग तपासता येतं. पैसे परत मागताना पावती लागेल. नसली तर निदान त्या माणसाचा फोन नंबर तरी पुसू नका.